मानवी तस्करीतून सुटलेल्या गरोदर पारलिंगी व्यक्तींची आरोग्यसेवा

मानवी तस्करीतून सुटलेल्या गरोदर पारलिंगी व्यक्तींची आरोग्यसेवा हा प्रसूतिशास्त्र, मानसिक आरोग्य, न्यायवैद्यक आणि मानवी हक्क या क्षेत्रांना जोडणारा विषय आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्वतःला पुरुष किंवा स्त्री-पुरुष या दोन्हींहून वेगळे मानणाऱ्या व्यक्तींना गर्भाशय व बीजकोश असल्यास गर्भधारणा होऊ शकते. अशा व्यक्तीची लैंगिक शोषण, सक्तीचा विवाह किंवा वेठबिगारी यांसाठी तस्करी झाली असेल, तर गर्भधारणा अनेकदा तिच्या संमतीविना झालेली असते. सुटकेनंतर तिला एकाच वेळी प्रसूतिपूर्व तपासणी, गर्भ ठेवण्याचा अथवा न ठेवण्याचा निर्णय, आघातावरील उपचार, निवारा आणि न्यायप्रक्रिया यांना सामोरे जावे लागते. तिची लिंगभाव ओळख मान्य करून, तिच्या संमतीने व तिला पुन्हा आघात होणार नाही अशा रीतीने ही सेवा दिली जाते, तेव्हा तिला ओळख मान्य करणारी किंवा पुष्टीकारक आरोग्यसेवा म्हणतात.

भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. पारलिंगी व्यक्तींचे हक्क, तस्करीविरोधी कायदे, गर्भपातविषयक कायदा आणि लैंगिक हिंसेच्या वैद्यकीय तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे यांतील तरतुदी एकत्र वाचूनच या व्यक्तींचे हक्क ठरतात. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये 'गरोदर व्यक्ती' हा शब्दप्रयोग स्वीकारल्यामुळे या चर्चेला राज्यात विशेष संदर्भ प्राप्त झाला आहे.

संज्ञा

पारलिंगी म्हणजे जिची लिंगभाव ओळख जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळत नाही अशी व्यक्ती. मराठीत शासकीय पातळीवर 'तृतीयपंथी' हा शब्द रूढ आहे. मात्र सर्वसामान्य वापरात त्याने मुख्यतः हिजडा, किन्नर व जोगता समाजांचा बोध होतो. या समाजांतील बहुसंख्य व्यक्तींची जन्मनोंद मुलगा म्हणून झालेली असते आणि त्यांना गर्भधारणा होत नाही. गरोदर राहू शकणाऱ्या पारलिंगी व्यक्तींमध्ये प्रामुख्याने ट्रान्स पुरुष, द्विलिंगी चौकटीबाहेरच्या काही व्यक्ती आणि आंतरलिंगी शरीरवैशिष्ट्ये असलेल्या काही व्यक्ती यांचा समावेश होतो. सार्वजनिक जीवनात ट्रान्स पुरुष कमी दिसत असल्याने 'तृतीयपंथी व्यक्ती गरोदर कशी असेल' असा प्रश्न रुग्णालयातच विचारला जाण्याची शक्यता असते.

मानवी तस्करीची आंतरराष्ट्रीय व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारात दिलेली आहे. त्यानुसार बळ, धाक, फसवणूक किंवा असहाय परिस्थितीचा गैरफायदा या मार्गांनी शोषणाच्या हेतूने व्यक्तीची भरती, वाहतूक, हस्तांतर किंवा आश्रय म्हणजे तस्करी होय. भारताने हा करार २०११ मध्ये अनुसमर्थित केला. महाराष्ट्र पोलीस दलात यासाठी 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष' ही संज्ञा वापरली जाते.

मराठीतील 'गर्भवती' हा शब्द रूपाने स्त्रीलिंगी आहे, तर 'गरोदर' हा शब्द कोणत्याही व्यक्तीस लावता येतो. 'बाळंतीण' या शब्दाला सर्वलिंगी पर्याय रूढ नाही. 'प्रसूत झालेली व्यक्ती' असे म्हणता येते.

पार्श्वभूमी

पारलिंगी मुला-मुलींना तस्करीचा धोका निर्माण होण्यामागे घरातून मिळणारा नकार हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. मुलगी म्हणून वाढवलेले मूल मुलासारखे राहू लागले की शाळा सुटणे, मारहाण, घरात कोंडणे आणि घाईने लग्न लावून देणे असे प्रकार घडतात. लग्नानंतरची लैंगिक सक्ती किंवा 'सुधारण्यासाठी' केला जाणारा बलात्कार यांतून गर्भधारणा होऊ शकते. घर सोडून शहराकडे निघालेल्या व्यक्तीजवळ ओळखपत्र, पैसा व ओळखीचे कोणी नसल्यास काम, निवारा किंवा शस्त्रक्रियेचे आमिष दाखवणाऱ्या दलालांच्या हाती ती सहज पडते. दलालाच्या दृष्टीने ती 'मुलगी'च असते. त्यामुळे तिला वेश्याव्यवसायात, घरकामात किंवा लग्नासाठी विकले जाऊ शकते.

सुटकेनंतरही तिची नोंद बहुधा महिला किंवा मुलगी म्हणूनच होते. स्वतःची ओळख उघड केल्यास निवारा नाकारला जाईल, घरी परत पाठवले जाईल किंवा चेष्टा होईल या भीतीने ती गप्प राहते. परिणामी या गटाची स्वतंत्र आकडेवारी तयार होत नाही. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद भारतात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची झाली; परंतु त्यावरून ट्रान्स पुरुषांची संख्या कळत नाही.

कायदेशीर चौकट

लिंगभाव ओळख

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपला लिंगभाव स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि पारलिंगी व्यक्तींना रुग्णालयांत वैद्यकीय सेवा पुरवण्याचे निर्देश केंद्र व राज्य शासनांना दिले. मुंबईस्थित कार्यकर्त्या गौरी सावंत या या प्रकरणातील याचिकाकर्त्यांपैकी एक होत्या. त्यानंतर संसदेने पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ मंजूर केला. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्यातील व्याख्येत शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो, ट्रान्स पुरुष व ट्रान्स स्त्री यांचा, तसेच आंतरलिंगी व्यक्ती आणि किन्नर, हिजडा, अरवानी व जोगता या समाजांचा समावेश करण्यात आला. कलम १५ अन्वये शस्त्रक्रिया व संप्रेरक उपचार, समुपदेशन, वैद्यकीय अभ्यासक्रमाचा आढावा आणि विमा संरक्षण यांची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. प्रसूतिसेवेचा स्वतंत्र उल्लेख त्यात नव्हता.

कलम १८ मध्ये सक्तीचे श्रम, घरातून हुसकावणे आणि शारीरिक, लैंगिक किंवा भावनिक छळ यांसाठी सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची शिक्षा ठरवण्यात आली. स्त्रियांवरील बलात्काराच्या शिक्षेच्या तुलनेत ती फारच सौम्य असल्याची टीका झाली आहे.

तस्करी

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार मानवी तस्करी व वेठबिगारीस मनाई आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ तस्करीस शिक्षापात्र ठरवते. त्यात 'व्यक्ती' हा शब्द असल्याने पीडिताच्या लिंगाची अट नाही, आणि पीडिताची संमती असली तरी गुन्हा ठरण्यास बाध येत नाही. बलात्काराच्या व्याख्येत मात्र पीडित म्हणून 'स्त्री' हाच शब्द आहे. पुरुष म्हणून ओळखपत्र मिळालेल्या ट्रान्स पुरुषावर अत्याचार झाल्यास कोणते कलम लावायचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६ मूळ रूपात केवळ स्त्रिया व मुलींपुरता होता. १९८६ च्या दुरुस्तीने तेथे 'व्यक्ती' हा शब्द आला. या कायद्याखाली छाप्यातून सोडवलेल्या व्यक्तीचे वय, इजा व लैंगिक संक्रमणे यांसाठी वैद्यकीय तपासणी केली जाते आणि दंडाधिकारी तिला संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात. प्रत्यक्षात ही गृहे महिलांसाठी चालवली जातात. २४ सप्टेंबर २०२० च्या एका निकालात मुंबई उच्च न्यायालयाने सज्ञान महिलांना त्यांच्या इच्छेविरुद्ध अशा गृहात ठेवण्याचा आदेश रद्द केला आणि आपले निवासस्थान व व्यवसाय निवडण्याचा त्यांचा हक्क अधोरेखित केला.

तस्करीबाबत सर्वंकष कायदा करण्याचे एक विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झाले होते. परंतु राज्यसभेची मंजुरी न मिळाल्याने २०१९ मध्ये ते व्यपगत झाले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या नव्या मसुद्यात पारलिंगी व्यक्तींचा समावेश होता.

गर्भपात

वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ मध्ये 'गर्भवती स्त्री' असा शब्द आहे. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका, तर २० ते २४ आठवड्यांदरम्यान विशिष्ट गटांसाठी दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. या गटांत लैंगिक अत्याचार व बलात्कारपीडित, तसेच अल्पवयीन यांचा समावेश आहे. २४ आठवड्यांनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ निर्णय देते. इतर कारणांसाठी न्यायालयात जावे लागते. बलात्कारातून गर्भधारणा झाल्याचे गरोदर व्यक्तीने सांगितल्यास त्यामुळे होणारा मनस्ताप ही मानसिक आरोग्यास गंभीर इजा आहे, असे कायदाच गृहीत धरतो. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत केवळ तिची स्वतःची संमती पुरेशी असते. पती, पालक किंवा संरक्षणगृहाच्या अधीक्षकांची परवानगी लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिल्लीतील एका अविवाहित तरुणीच्या याचिकेवर निर्णय देताना, निकालातील 'स्त्री' या शब्दात सुरक्षित गर्भपाताची गरज असलेल्या, जन्मनोंदीहून वेगळी लिंगभाव ओळख असणाऱ्या व्यक्तींचाही समावेश आहे, असे स्पष्ट केले. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका १४ वर्षीय बलात्कारपीडितेच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या नकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. गर्भ सुमारे ३० आठवड्यांचा होता. न्यायालयाने २२ एप्रिल रोजी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात गर्भपातास परवानगी दिली. पुढे पालकांनी मुलीच्या प्रकृतीच्या काळजीने निर्णय बदलल्यामुळे २९ एप्रिल रोजी तो आदेश मागे घेण्यात आला. या निकालपत्रात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने 'गरोदर व्यक्ती' हा शब्द वापरला आणि ट्रान्स पुरुष व द्विलिंगी चौकटीबाहेरच्या काही व्यक्तींनाही गर्भधारणा होऊ शकते, हे त्यामागील कारण नमूद केले. संबंधित मुलगी पारलिंगी नव्हती. तरी गरोदर व्यक्तीच्या इच्छेला प्राधान्य द्यावे आणि वैद्यकीय मंडळाने तिच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचा विचार करूनच मत द्यावे, हे तत्त्व सर्वांना लागू होते.

वैद्यकीय बाबी

गर्भधारणेचे निदान

ट्रान्स पुरुष घेत असलेल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे बहुधा काही महिन्यांत मासिक पाळी थांबते. मात्र ते गर्भनिरोधक नाही. पाळी बंद असतानाही बीजमोचन होऊन गर्भधारणा होऊ शकते. पाळी आधीच बंद असल्यामुळे ती चुकल्याचे लक्षात येत नाही. उलट्या, थकवा किंवा वाढलेले पोट यांचा संबंध उपासमार, मारहाण अथवा ताणाशी जोडला जातो. तस्करीत असलेल्या व्यक्तीला दवाखान्यात जाण्याची मोकळीक नसते आणि पुरुष म्हणून नोंद झालेल्या रुग्णाची गर्भचाचणी करण्याचे डॉक्टरांना सुचत नाही. या सर्व कारणांनी निदान उशिरा होते. २० व २४ आठवड्यांच्या कायदेशीर मर्यादा लक्षात घेता हा उशीर गरोदर व्यक्तीच्या हातून निर्णयच काढून घेतो. म्हणून सुटकेनंतरच्या पहिल्या तपासणीत, गर्भाशय असलेल्या व्यक्तीस तिची संमती घेऊन गर्भचाचणी सुचवणे महत्त्वाचे ठरते.

अत्याचार अलीकडचा असल्यास ७२ तासांच्या आत एचआयव्ही प्रतिबंधक औषधे सुरू करावी लागतात. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळीही जितक्या लवकर घ्यावी तितकी परिणामकारक ठरते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांनाही ती देता येते.

संप्रेरके

गरोदरपणात टेस्टोस्टेरॉन वर्ज्य आहे, कारण त्याचा स्त्रीगर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गर्भ ठेवण्याचा निर्णय झाल्यास ते थांबवले जाते. गर्भधारणेच्या सुरुवातीला नकळत औषध घेतले गेले असेल, तर केवळ त्या कारणाने गर्भपात आवश्यक ठरत नाही. संभाव्य परिणामांची माहिती देऊन सोनोग्राफीद्वारे गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवले जाते. औषध थांबल्यावर शरीरात होणारे बदल, विशेषतः छातीची वाढ, लिंगभाव अस्वस्थता वाढवू शकतात. हे बदल आधी समजावून सांगितल्यास ते सोसणे काहीसे सुकर होते.

अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात गरोदरपण अनुभवलेल्या ४१ ट्रान्स पुरुषांनी भाग घेतला होता. त्यांपैकी ६१ टक्के व्यक्तींनी गर्भधारणेपूर्वी टेस्टोस्टेरॉन घेतले होते. पूर्वी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे गर्भधारणेची शक्यता कायमची संपत नाही, हे त्यातून दिसून आले.

प्रसूतिपूर्व तपासणी

हिमोग्लोबिन, रक्तगट व आरएच घटक, रक्तशर्करा, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस व हिपॅटायटिस बी या नेहमीच्या तपासण्या येथेही लागू आहेत. तस्करीतून आलेल्या व्यक्तीमध्ये कुपोषण, रक्तक्षय, लैंगिक संक्रमणे, क्षयरोग, जुने अस्थिभंग आणि व्यसन यांची शक्यता अधिक असल्याने त्यांची चौकशी केली जाते. एचआयव्ही तपासणीसाठी माहितीपूर्ण संमती घेणे २०१७ च्या एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने बंधनकारक केले आहे. छाती घट्ट बांधण्याची सवय असल्यास गरोदरपणात ती सैल करण्याचा किंवा थांबवण्याचा सल्ला दिला जातो.

अंतर्गत तपासणी हा आघात पुन्हा जागा होण्याचा क्षण असतो. टेस्टोस्टेरॉनमुळे योनिमार्गाचे आवरण पातळ झाल्याने ती वेदनादायकही होऊ शकते. त्यामुळे ती गरजेपुरतीच करावी, प्रत्येक टप्पा आधी सांगावा, विश्वासातील व्यक्तीला सोबत राहू द्यावे आणि रुग्णाने थांबण्यास सांगताच थांबावे, अशी पद्धत सुचवली जाते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये लैंगिक हिंसेच्या न्यायवैद्यकीय तपासणीसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पारलिंगी व आंतरलिंगी व्यक्तीस स्त्री किंवा पुरुष डॉक्टर निवडण्याची मुभा दिली आहे. त्याच तत्त्वांनी 'दोन बोटांची चाचणी' अमान्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये ही चाचणी करणे गैरवर्तन मानले जाईल, असे बजावले.

प्रसूती व त्यानंतर

प्रसूती नैसर्गिक मार्गाने की शस्त्रक्रियेने करावी, हे पारलिंगी असण्यावरून ठरत नाही. मात्र अत्याचाराच्या आठवणींमुळे प्रसूतिकक्षातील उघडेपणा व अनोळखी स्पर्श असह्य होत असल्यास त्याचा विचार नियोजनात केला जातो. स्वतंत्र खोली, मोजकेच कर्मचारी, अंग झाकण्याची सोय आणि वेदनाशमन यांचा त्यात समावेश होतो. छातीची शस्त्रक्रिया झालेल्या काही व्यक्तींनाही थोडे दूध येऊ शकते. बाळाला अंगावर पाजायचे की नाही, हा निर्णय त्या व्यक्तीचा असतो. न पाजल्यास दूध आटवण्याचे उपाय व बाळाच्या आहाराची व्यवस्था आवश्यक असते.

प्रसूतीनंतरच्या नैराश्याचा धोका आघातग्रस्त व्यक्तींमध्ये अधिक असतो. त्याच्या चाळणीसाठी १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरा मापनश्रेणी वापरता येते. टेस्टोस्टेरॉन पुन्हा केव्हा सुरू करावे आणि कोणते गर्भनिरोधक वापरावे, याची चर्चा घरी पाठवण्यापूर्वीच केली जाते.

आघातसजग सेवा

आघातसजग सेवेची सहा तत्त्वे अमेरिकेच्या मादकद्रव्य सेवन व मानसिक आरोग्य सेवा प्रशासनाने २०१४ मध्ये मांडली. सुरक्षितता, विश्वासार्हता व पारदर्शकता, समदुःखी व्यक्तींचा आधार, सहकार्य, निवडीचे स्वातंत्र्य आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचे भान, अशी ती आहेत. तस्करीच्या संदर्भात त्यांचा अर्थ बराच ठोस आहे. सोबत आलेला 'नवरा', 'मामा' किंवा 'मालक' हा प्रत्यक्षात दलाल असू शकतो. म्हणून रुग्णाशी काही वेळ एकांतात बोलणे आवश्यक असते. नेपाळी, कन्नड किंवा बंगाली बोलणाऱ्या रुग्णासाठी दुभाषा घेताना तो त्याच टोळीशी किंवा गावाशी संबंधित नाही, याची खातरजमा करावी लागते. ज्या व्यक्तीच्या शरीराचे निर्णय वर्षानुवर्षे इतरांनी घेतले, तिला लहान गोष्टींतही निवड देणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

लिंगभाव बदलण्याच्या नावाखाली केले जाणारे तथाकथित उपचार सेवेत बसत नाहीत. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणात लिंगभाव विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आली आहे.

भाषा व नोंदी

मराठीत क्रियापदावरून लिंग उघड होते. 'तू केव्हा आलीस' या प्रश्नातच रुग्णाला स्त्री ठरवले जाते. त्याऐवजी 'तुम्ही केव्हा आलात' असे आदरार्थी रूप वापरल्यास लिंगाचा प्रश्न उद्भवत नाही आणि मानही राखला जातो. प्रसूतिकक्षात सर्रास वापरले जाणारे 'ताई', 'बाई' हे संबोधन प्रेमाने वापरलेले असले तरी ट्रान्स पुरुषाला दुखावू शकते. कोणत्या नावाने हाक मारावी, हे पहिल्याच भेटीत विचारून केसपेपरवर लिहून ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. त्याच वेळी, छळ करणाऱ्या कुटुंबाला किंवा दलालांना ठावठिकाणा कळू नये म्हणून ही माहिती कोणाकोणास दिसेल हेही रुग्णाला सांगितले जाते.

नोंदींची अडचण अधिक किचकट आहे. गरोदर मातेची नोंदणी, माता-बालक संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचा 'एफ' नमुना आणि प्रसूतिविषयक योजनांचे अर्ज 'महिला' गृहीत धरून तयार झालेले आहेत. आधार कार्डावर 'पुरुष' किंवा 'तृतीयपंथी' अशी नोंद असल्यास अर्ज अडकू शकतो. सुटका झालेल्या व्यक्तीकडे तर बहुतेक वेळा कार्डच नसते.

बाळाच्या जन्मदाखल्यातही हा प्रश्न येतो. केरळमधील झहाद या ट्रान्स पुरुषाने ८ फेब्रुवारी २०२३ रोजी कोझिकोड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात बाळाला जन्म दिला. दाखल्यावर आई व वडील अशा स्वतंत्र नोंदींऐवजी दोघांचाही उल्लेख 'पालक' असा करावा, ही झहाद व त्यांची जोडीदार झिया यांची मागणी केरळ उच्च न्यायालयाने २ जून २०२५ रोजी मान्य केली. हे तस्करीचे प्रकरण नव्हते. परंतु भारतातील शासकीय रुग्णालयात ट्रान्स पुरुषाची प्रसूती पार पडल्याचे ते उघड व बहुचर्चित उदाहरण आहे.

बाळाचे संगोपन करण्याची इच्छा किंवा क्षमता नसल्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल कल्याण समितीसमोर बाळ सोपवता येते. त्यानंतर निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत मिळते.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी २००० मध्ये वांद्रे येथील भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे हिंसाग्रस्त महिलांसाठीचे केंद्र सुरू केले. रुग्णालयाच्या आतच समुपदेशन व कायदेशीर मदत देण्याचा हा भारतातील आरंभीचा प्रयोग होता. मुंबईतील हमसफर ट्रस्ट (१९९४) आणि गौरी सावंत यांचा सखी चारचौघी ट्रस्ट या संस्था पारलिंगी समुदायाच्या आरोग्यासाठी काम करतात. राज्य शासनाने २०२० मध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचे संरक्षण व कल्याण यांसाठी मंडळ स्थापन केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथी रुग्णांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला.

सांगली येथे १९९२ पासून कार्यरत असलेली 'संग्राम' ही संस्था आणि तिच्याशी संलग्न 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' यांनी पश्चिम महाराष्ट्र व सीमाभागात देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुष व पारलिंगी व्यक्तींना संघटित केले आहे. यल्लमा-रेणुकेच्या परंपरेतील जोगते याच पट्ट्यात आढळतात. देवदासी प्रथेविरुद्ध महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा केला.

रत्नागिरी जिल्हा

मोठ्या शहरांबाहेर ही सेवा कशी द्यावी, हा प्रश्न रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात स्पष्टपणे समोर येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ असून दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुषांचे मुंबईकडे होणारे स्थलांतर हे या प्रमाणामागील जुने कारण आहे. दुसरीकडे, आंब्याच्या बागांतील राखणीसाठी नेपाळमधून, तर मासेमारी नौकांवर व बांधकामांवर परराज्यांतून मजूर येतात. राष्ट्रीय महामार्ग ६६ आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेला कोकण रेल्वेमार्ग यांनी जिल्हा मुंबई व गोव्याशी जोडलेला आहे. मोठ्या प्रमाणावरील हंगामी स्थलांतर आणि ओळखीच्या माणसांपासूनचे अंतर या गोष्टी सर्वत्रच तस्करीचा धोका वाढवतात.

जिल्ह्यात रत्नागिरी येथे जिल्हा रुग्णालय आणि कामथे, कळंबणी व दापोली येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत असून उर्वरित ठाणे, पुणे व नागपूर येथे आहेत. रस्त्यावर भटकताना आढळलेल्या, मानसिक आजाराची लक्षणे असलेल्या निराधार व्यक्तींना अशा रुग्णालयांत आणले जाते आणि त्यांच्यामध्ये शोषणातून सुटलेल्या व्यक्तीही असू शकतात. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ नुसार लिंग, लिंगभाव किंवा लैंगिक कल यांवरून उपचारांत भेदभाव करता येत नाही. उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे वेगळे न करण्याची तरतूदही त्यात आहे. ही तरतूद 'स्त्री' या शब्दात आहे. ट्रान्स पुरुष पालकाला ती लागू करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात कायद्याबाबत केला तसा व्यापक अर्थ लावावा लागेल.

लहान जिल्ह्यात गोपनीयतेची अडचण अधिक असते. गावातील आशा सेविका, आरोग्य सेविका व औषधविक्रेते एकमेकांना ओळखतात, त्यामुळे एका तपासणीची बातमी वाडीभर पसरू शकते. गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ नुसार गर्भपात करून घेणाऱ्या व्यक्तीचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे. मात्र प्रसूतीसाठी येणाऱ्या रुग्णाची गोपनीयता बरीचशी रुग्णालयाच्या शिस्तीवर अवलंबून राहते. याउलट, गावपातळीपर्यंत पोहोचलेली आशा सेविका हीच अशा व्यक्तीला शोधून रुग्णालयापर्यंत आणणारी एकमेव दुवा ठरू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो. तस्करीपीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ ची स्वतंत्र योजना आहे. तातडीच्या मानसिक आधारासाठी १४४१६ ही टेलिमानस सेवा उपलब्ध आहे.

मतभेद

'गरोदर व्यक्ती' या शब्दप्रयोगावर मतभेद आहेत. मातामृत्यू व गर्भलिंगनिदान हे स्त्रियांवरील अन्यायाचे प्रश्न आहेत आणि शब्द बदलल्याने ते झाकोळले जातील, असे काहींचे म्हणणे आहे. समर्थकांच्या मते, कायद्यात व नमुन्यांत दोन्ही शब्द ठेवल्यास कोणाचाही हक्क कमी होत नाही. मात्र एकच शब्द ठेवल्यास काहींना दारातूनच परत जावे लागते.

सुटकेच्या पद्धतीबाबतही वाद आहे. पोलिसी छापे व संरक्षणगृहांवर भर देणाऱ्या धोरणामुळे स्वेच्छेने देहविक्री करणाऱ्या सज्ञान व्यक्तींनाही कोंडून ठेवले जाते, अशी टीका 'संग्राम'सारख्या संस्थांनी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव करमास्कर प्रकरणात देहविक्री करणाऱ्या व्यक्तींना सन्मानाने वागवण्याचे आणि लैंगिक अत्याचार झाल्यास त्यांना तत्काळ वैद्यकीय मदत देण्याचे निर्देश दिले. छाप्याऐवजी आरोग्यसेवा हेच संपर्काचे पहिले ठिकाण असावे, असे या भूमिकेचे समर्थक सुचवतात. तर अल्पवयीन व कैदेत ठेवलेल्या व्यक्तींच्या बाबतीत पोलिसांचा हस्तक्षेप टाळता येत नाही, असे तस्करीविरोधी संस्थांचे म्हणणे आहे.

२०१९ च्या कायद्याचे कलम १२ देखील वादग्रस्त ठरले. कुटुंब सांभाळ करू शकत नसल्यास न्यायालय पारलिंगी व्यक्तीस पुनर्वसन केंद्रात पाठवील, असे त्यात म्हटले आहे. घरातील हिंसेमुळेच बाहेर पडलेल्या, मित्रांच्या किंवा समुदायाच्या आधाराने राहू इच्छिणाऱ्या व्यक्तींचा त्यात विचार नाही, असा आक्षेप घेण्यात आला. केंद्र शासनाच्या 'गरिमा गृह' योजनेतील निवारे नोव्हेंबर २०२० पासून सुरू झाले. तथापि गरोदर व्यक्ती किंवा नवजात बाळासह राहणाऱ्या पालकांसाठी वेगळी सोय उभारणे हा पुढचा टप्पा मानला जातो.

हेही पहा

पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९
मानवी तस्करी
वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१
मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७
रत्नागिरी जिल्हा